मत न देणारा तटस्थच असतो असे नाही : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे यांचे संपादक, वृत्तसंपादक आणि विशेषतः परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत उतरवणारे उपसंपादक यांस,

स. न. वि. वि.

इंग्रजीतल्या ‘ॲब्स्टेन’ या एका क्रियापदाविषयी लिहीत आहे. संयुक्त राष्ट्रांत, संसदेत किंवा एखाद्या विधानसभेत मतदान झाले की वृत्तसंस्थेच्या बातमीत हे क्रियापद हमखास येते. मराठीत येताना त्याचे कधी ‘तटस्थ राहिला’ होते, कधी ‘गैरहजर राहिला’, कधी ‘मतदानावर बहिष्कार टाकला’, तर कधी नुसतेच ‘मतदान टाळले’. एकाच मतदानाची बातमी चार ठिकाणी वाचली तर चार वेगवेगळ्या घटना घडल्यासारखे वाटते. हे चारही शब्द वाचकाला चांगले कळतात आणि म्हणूनच नुकसान होते. आपल्याला बातमी समजली अशी त्याची खात्री पटते, पण त्याला समजलेले सभागृहात घडलेलेच नसते.

मतदानाच्या संदर्भात ॲब्स्टेन करणे म्हणजे मताचा हक्क असताना, जागेवर हजर असताना, प्रश्न समोर मांडलेला असताना बाजूने किंवा विरोधात मत न देणे, आणि तशी नोंद होऊ देणे. यातला नोंदीचा भाग फार महत्त्वाचा आहे. लोकसभेत यंत्राने मतदान होते तेव्हा सदस्यापुढे होकारासाठी हिरवे, नकारासाठी तांबडे आणि या तिसऱ्या पर्यायासाठी पिवळे बटण असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या मोठ्या फलकावरही हेच तीन रंग उमटतात. पिवळे बटण दाबणारा प्रतिनिधी बहुतेक वेळा आपल्या सरकारच्या लेखी सूचनेनुसार ते दाबत असतो. जो आलाच नाही, किंवा येऊनही ज्याने बटणाला हात लावला नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी राहते. पिवळी खूण आणि कोरी जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२ मार्च २०२२ चे उदाहरण घ्या. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आमसभेत मताला आला. बाजूने १४१, विरोधात ५ आणि ॲब्स्टेन करणारे ३५. बेरीज १८१ होते. सदस्य देश १९३ आहेत, म्हणजे १२ देशांची कोणतीच नोंद नाही. त्यांत वर्गणी थकल्यामुळे मताचा हक्क गमावलेला व्हेनेझुएला होता, तसेच हक्क असूनही मतदानाच्या वेळी न आलेले देशही होते. भारत ३५ मध्ये होता. आता ‘भारत मतदानाला गैरहजर’ असा मथळा दिला, की भारत त्या १२ मध्ये जाऊन बसतो. एका शब्दाने देशाची त्या दिवशीची भूमिकाच बदलून टाकली.

गैरहजेरीची किंमत किती मोठी असू शकते, हे १९५० साली सोव्हिएत संघाने दाखवून दिले. चीनची जागा कोणत्या सरकारला मिळावी या वादावरून त्या वर्षी जानेवारीपासून सोव्हिएत प्रतिनिधी सुरक्षा परिषदेत येतच नव्हते. हा खराखुरा बहिष्कार होता. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले, आणि दक्षिण कोरियाच्या मदतीला जाण्याचे आवाहन करणारा ठराव परिषदेने सोव्हिएत खुर्ची रिकामी असताना मंजूर केला. प्रतिनिधी १ ऑगस्टला परतले, तोवर व्हेटो (नकाराधिकार) वापरण्याची वेळ निघून गेली होती. इथे बहिष्कार हाच शब्द हवा. पण तोच शब्द हजर राहून, भाषण करून, पिवळे बटण दाबणाऱ्या देशाला लावला, तर बहिष्काराचा अर्थ पातळ होतो आणि ॲब्स्टेनचा कळतच नाही.

आता ‘तटस्थ’कडे वळतो, कारण चारांपैकी हाच शब्द सर्वात रुळलेला आहे. विधानसभेच्या वार्तांकनात तो इतका मुरला आहे की तो हद्दपार करा असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार तो जिथे एकटा सोडला जातो त्याबद्दल आहे. तटस्थ म्हणजे दोघांच्या भांडणात कोणाचीही बाजू न घेणारा, असा अर्थ मराठी माणसाच्या मनात पक्का आहे. ॲब्स्टेन या क्रियापदात मात्र मनोवृत्तीचा काहीच पत्ता नसतो. मत दिले नाही एवढेच ते सांगते, का दिले नाही ते सांगत नाही. ठराव पटतो पण त्यातले एक वाक्य खटकते, ठराव अजिबात पटत नाही पण मांडणाऱ्याला दुखवायचे नाही, वरून सूचनाच आली नाही, घरच्या पक्षात फूट आहे, अशी कितीतरी कारणे त्यामागे असू शकतात. निखळ तटस्थता हे त्यांतले फक्त एक.

२७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या युद्धासंबंधी जॉर्डनने मांडलेल्या ठरावावर आमसभेत मतदान झाले आणि भारताने त्यावर मत दिले नाही. ‘भारत तटस्थ’ एवढे वाचून वाचकाने काय समजायचे? त्याच बैठकीत, मूळ ठरावाच्या आधी, कॅनडाने सुचवलेल्या दुरुस्तीवर मतदान झाले होते. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्याचा निषेध ठरावात घालावा, अशी ती दुरुस्ती होती आणि भारताने तिच्या बाजूने मत दिले होते. म्हणजे एका मुद्द्यावर उघड बाजू घेतली आणि पुढच्या मसुद्यावर मत दिले नाही. पुढे १२ डिसेंबरला युद्धविरामाची मागणी करणारा ठराव १५३ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाला, २३ देशांनी मत दिले नाही, आणि त्या वेळी भारत १५३ मध्ये होता. भारताची ही भूमिका कोणाला पटो वा न पटो, तिच्यात हालचाल होती आणि कारणे होती. ‘तटस्थ’ या एका शब्दात ती सगळी गाडली गेली.

कॅनडाची ती दुरुस्ती आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाजूने ८८, विरोधात ५५, ॲब्स्टेन २३. ती फेटाळली गेली, कारण दोन तृतीयांश बहुमत लागत होते. दोन तृतीयांश कशाचे? आमसभेच्या कामकाजाच्या नियमांत ‘उपस्थित राहून मत देणारे सदस्य’ याची व्याख्याच दिलेली आहे. होकार किंवा नकार देणारे तेवढे मोजायचे, ॲब्स्टेन करणारे मोजायचेच नाहीत. म्हणून १६६ मधून २३ वजा झाले, उरले १४३, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे किमान ९६, आणि मते पडली ८८. आता कागद-पेन्सिल घेऊन पाहा. विरोधातल्या ५५ पैकी ११ देशांनी मत बदलून होकार द्यायची गरजच नव्हती. त्यांनी नुसते पिवळे बटण दाबले असते तरी विरोधात ४४ उरले असते, एकूण १३२ झाले असते, आणि ८८ हे त्याचे बरोबर दोन तृतीयांश होतात. दुरुस्ती मंजूर झाली असती. उलट, विरोधकांची फळी जशीच्या तशी राहिली असती, तर हाच निकाल लागण्यासाठी मत न देणाऱ्या २३ पैकी तब्बल २२ देशांना बाजूने यावे लागले असते. मत न देण्यात केवढे बळ असते, हे या एका उदाहरणातून दिसते. बातमीत मात्र ‘२३ देश तटस्थ’ एवढेच येते, तेही जागा उरली तर.

हिशेबाची रीत जागेप्रमाणे बदलते, आणि तीच आपल्या बातम्यांतून बहुतेक वेळा गळते. सुरक्षा परिषदेत आमसभेचा नियम चालत नाही. तिथे १५ पैकी ९ होकार लागतात. आकडा ठरलेला आहे, त्यामुळे मत न देणाऱ्याला वजा करून काही सोपे होत नाही. १७ मार्च २०११ ला लिबियावर उड्डाणबंदी लादणारा आणि लष्करी कारवाईला वाट करून देणारा ठराव क्रमांक १९७३ मंजूर झाला. बाजूने १०, विरोधात शून्य, मत न देणारे पाच : भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन. त्या दहांतल्या आणखी दोघांनी मत दिले नसते तर होकार आठवर आले असते आणि विरोधात एकही मत नसताना ठराव पडला असता. भारत, ब्राझील आणि जर्मनी यांच्या मत न देण्याचा परिणाम, हिशेबापुरता, नकाराइतकाच होता. रशिया आणि चीन यांच्या बाबतीत मात्र तो अगदी उलटा होता. ते कायम सदस्य आहेत आणि त्यांचा एक नकार ठराव संपवू शकला असता. तो न देऊन त्यांनी वाट मोकळी केली. पाचही देशांसाठी क्रियापद एकच, पण दोन गटांनी केलेले काम परस्परविरोधी.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे शब्द पाहिले तर कायम सदस्यांची ‘सहमतीची मते’ हवीत असे तिथे लिहिले आहे. त्यावरून त्यांनी मत न देणे हाही व्हेटोच, असा अर्थ कोणी काढू शकेल. पण प्रथा तशी पडली नाही. कायम सदस्याने स्वेच्छेने मत न दिल्यास ठराव अडत नाही, या प्रथेवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ साली नामिबियाविषयीच्या सल्लागारी मतात शिक्कामोर्तब केले. म्हणून २३ डिसेंबर २०१६ ला इस्रायली वसाहतींविरुद्धचा ठराव १४ विरुद्ध शून्य असा मंजूर झाला आणि अमेरिकेने मत दिले नाही, तेव्हा जगभर तेच मोठे वृत्त ठरले. २५ मार्च २०२४ ला गाझात रमजानपुरत्या युद्धविरामाची मागणी करणारा ठरावही याच आकड्यांनी झाला, १४ विरुद्ध शून्य, अमेरिकेचे मत नाही. अशा वेळी ‘अमेरिका तटस्थ’ हा मथळा गाभाच हरवतो. ‘अमेरिकेने व्हेटो वापरला नाही, ठराव मंजूर’ हे सरळ मराठी आहे आणि घडलेही तेच.

देशातल्या सभागृहांकडे आलो तरी हेच. संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे संसदेतले साधे निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतात. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचे विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झाले. २४५ आसनांच्या सभागृहात ९९ म्हणजे निम्म्याहून बरीच कमी. संयुक्त जनता दल आणि अण्णा द्रमुक यांनी विधेयकाला विरोध केला आणि मतदानाआधी सभात्याग केला, तेव्हा बहुमताची रेषा आपोआप खाली आली. सभात्याग आणि ॲब्स्टेन यांचा परिणाम इथे सारखाच झाला असता, पण कृती वेगळ्या आहेत. एकात सदस्य बाहेर असतो, दुसऱ्यात आत बसून नोंद देतो. आपल्या विधानसभेने हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी दाखवले आहेत. ३० नोव्हेंबर २०१९ ला महाविकास आघाडी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली : बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ चार. भाजपचे आमदार तोवर सभात्याग करून गेले होते. त्या शून्याचा अर्थ सभागृह एकमताचे होते असा नव्हता, आणि त्या चौघांना बाहेर गेलेल्यांच्या रांगेत बसवणेही चुकीचे ठरले असते. मराठी वार्ताहरांनी त्या दिवशी हा भेद बहुतांशी नीट सांगितला, हेही आवर्जून नमूद करतो. घरच्या सभागृहात जे जमते ते परदेशी बातमीत का सुटते, याचे कारण मला तरी घाईच दिसते.

पण सभागृहाच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव असेल तर गणित फिरते. अनुच्छेद ९४ आणि राज्यांसाठी १७९ ‘त्या वेळच्या सर्व सदस्यांचे’ बहुमत मागतात. तिथे मत न देणारा, बाहेर गेलेला आणि घरी बसलेला असे सगळेच ठरावाच्या विरोधात जमा होतात. घटनादुरुस्तीला तर दोन्ही कसोट्या लागतात : एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. एकाच सदस्याने मत न देणे पहिल्या कसोटीत ठरावाला जड जाते आणि दुसऱ्या कसोटीत हलके. युरोपीय संघाच्या परिषदेत विशेष बहुमताच्या वेळी मत न देणे नकारासारखेच भोवते, एकमत हवे असते तेव्हा मात्र ते आड येत नाही. ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्समध्ये तर पिवळे बटणच नाही. होकाराची आणि नकाराची अशा दोन मार्गिका आहेत, आणि ‘मी इथे होतो, पण कोणाच्याच बाजूने नाही’ हे नोंदवण्यासाठी काही सदस्य दोन्हींतून चालत जातात.

पक्षांतरबंदी कायद्यातही हे क्रियापद बसलेले आहे, आणि तिथे ते सदस्यत्व घालवू शकते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीत पक्षादेशाविरुद्ध मत देणे आणि पक्षादेशाविरुद्ध मतदानापासून दूर राहणे या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, एकाच तोलाने लिहिल्या आहेत. पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही तर दोन्हींची शिक्षा अपात्रताच. व्हिप, म्हणजे असा पक्षादेश, असताना मत न देणाऱ्या आमदाराविषयी ‘त्यांनी तटस्थ राहणे पसंत केले’ असे सौम्य वाक्य लिहिले जाते, तेव्हा त्याने आपली आमदारकी पणाला लावली आहे हे वाचकाला कळतच नाही.

निवडणुकांच्या बातम्यांत आणखी वेगळा खड्डा आहे. इंग्रजीत हेच क्रियापद मतदारालाही लावतात आणि तिथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. फ्रान्समधल्या निवडणुकीची बातमी सांगताना ‘ॲब्स्टेन्शन’चे प्रमाण देतात, ते केंद्रावर न आलेल्या नोंदणीकृत मतदारांचे असते. जून २०२२ मध्ये तिथल्या संसदीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत ते निम्म्याहून अधिक होते. त्याचे ‘निम्मे मतदार तटस्थ’ असे भाषांतर केले तर ते साफ चूक. ‘निम्म्याहून अधिक मतदार मतदानाला आलेच नाहीत’ हेच खरे. सभागृहाच्या बातमीत या शब्दाचा अर्थ हजर, आणि मतदारांच्या बातमीत गैरहजर, हा भेद एकदा ध्यानात आला की पुढे चूक होत नाही.

नोटाची गल्लतही इथेच होते. नोटाचे बटण दाबणाऱ्याने मत दिलेले असते आणि ते यंत्रात मोजले जाते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात २७,५०० मतांसह नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. या मतदारांना ‘मतदानापासून दूर राहिलेले’ म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे, कारण ते रांगेत उभे राहून मत देऊन आले. ॲब्स्टेनला जवळचा पर्याय होता तो निवडणूक नियमांतल्या ४९-ओ चा. नोंदवहीत सही झाल्यानंतर मतदार ‘मला मत द्यायचे नाही’ असे सांगत असे आणि केंद्राध्यक्ष शेरा लिहून त्याखाली त्याची सही किंवा अंगठा घेत असे. त्यात गुप्तता उरत नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ ला नोटाचे बटण देण्याचा आदेश दिला.

मग मराठीत काय लिहावे? ‘अलिप्त’ हा शब्द कानाला बरा वाटतो, पण परराष्ट्र धोरणाच्या बातमीत तो थेट अलिप्ततावादी चळवळीकडे बोट दाखवतो, म्हणून तो नको. ‘मत राखून ठेवले’ म्हटले तर ते पुढे कधीतरी देणार असे वाटते. नवा संस्कृत शब्द घडवून वाचकाच्या माथी मारण्यातही मला अर्थ दिसत नाही. ‘हजर राहून मत दिले नाही’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. बातमीत पहिल्यांदा ते लिहा. त्यानंतर, मथळ्यात जागा नसेल किंवा आकड्यांच्या चौकटीत एकच शब्द बसत असेल, तर ‘तटस्थ’ खुशाल वापरा, कारण तोवर वाचकाला तो कोणत्या अर्थाने आला आहे हे कळलेले असेल. क्रियापदाची जोडणीही सांभाळा. इंग्रजीत ते कर्म घेत नाही. ‘ठरावाला तटस्थ’ किंवा ‘ठराव तटस्थ केला’ अशी वाक्ये घाईत छापली जातात. हवे ते ‘ठरावावर मत दिले नाही’. आणि ‘ॲब्स्टिनन्स’ हे भावंड दिसले तर थांबा. ते मद्य किंवा शरीरसंबंध वर्ज्य करण्यासाठी वापरतात, मतदानाशी त्याचा संबंध नाही. न्यायाधीश खटल्यातून बाजूला होतात त्यासाठीही इंग्रजीत निराळे क्रियापद आहे, त्याचे ‘न्यायाधीश तटस्थ’ करू नका. न्यायाधीश तटस्थ असतातच, असायलाच हवेत.

आपल्या दैनंदिन कामात सहज बसेल अशी एकच मागणी करतो. मतदानाच्या प्रत्येक बातमीत बाजूने, विरोधात आणि हजर राहून मत न दिलेले असे तिन्ही आकडे द्या. नोंदच न झालेले सदस्य असतील तर तो चौथा आकडाही द्या. त्याखाली एका ओळीत लिहा की बहुमत कशाचे लागत होते : मत देणाऱ्यांचे, एकूण सदस्यांचे, की ठरलेल्या संख्येचे. ज्या देशाने किंवा सदस्याने मत दिले नाही त्याने मतदानानंतर खुलासा केला असेल, तर त्यातले एक वाक्य घ्या. संयुक्त राष्ट्रांत असे खुलासे बहुधा लगेच, त्याच बैठकीत होतात आणि त्यांचा मजकूर उपलब्ध असतो. चार आकडे, एक ओळ आणि एक वाक्य, एवढ्याला रात्रपाळीच्या शेवटच्या पानावरही जागा होते.

आपला,
भाषांतरावर पोट असलेला एक नियमित वाचक